मोटरहोमच्या टपावरचा अँटेना : डेन्व्हरजवळ ७ आणि ९ का तुटतात?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. आम्ही डेन्व्हरच्या पूर्वेला अरोरात राहतो. यंदा एक जुनं क्लास सी मोटरहोम घेतलंय. जूनमध्ये सांगलीहून आई-बाबा येतायत. त्यांना घेऊन आधी न्यू मेक्सिको आणि मग युटा असा बेत आहे. बाबांना रोज टीव्हीवर हवामान आणि बातम्या बघितल्याशिवाय चैन पडत नाही. इथल्या उन्हाळ्यातल्या गारपिटीचं त्यांनी इतकं ऐकलंय की गाडीत टीव्ही चालतो का, हा फोनवरचा त्यांचा पहिला प्रश्न होता. आता टीव्ही चालतो, पण धड चालत नाही.

टपावर छतातल्या हँडलने वर-खाली होणारा बॅटविंग अँटेना आहे. सरावासाठी आम्ही चेरी क्रीक स्टेट पार्कमध्ये दोन रात्री राहून आलो. अँटेना पूर्ण वर चढवला, डेन्व्हर शहराच्या दिशेने फिरवला, चॅनल स्कॅन केलं. ४, ६ आणि ३१ अगदी स्वच्छ दिसतात. ७ आणि ९ मात्र तुटतात. दिवसा अधूनमधून ठोकळे येतात, आणि संध्याकाळी जेवायला बसलो की चित्र सरळ गायबच होतं. बाबांना हवामानासाठी ९ च हवंय.

दुकानात विचारलं तर दोन उपाय सांगितले. एक, या अँटेनाला पुढे बसवायचा विंगमन नावाचा जोड. दुसरा, हा काढून टाकून गोल तबकडीसारखा अँटेना, जो फिरवावाच लागत नाही. खोक्यावर दीडशे मैल लिहिलंय. दोन्हींचे पैसे घालण्याआधी कुणी अनुभवी माणूस काही सांगेल का?

केबलकट

ताई, एवढा खटाटोप कशाला? फोनचा हॉटस्पॉट लावा आणि सगळी स्थानिक चॅनल्स स्ट्रीमिंगवर बघा. आम्ही गेली काही वर्षं तेच करतो. अँटेनाला हातही लावलेला नाही.

पेठकर

कृष्णाकाठ, काहीही विकत घेऊ नका. निदान हे वाचून होईपर्यंत तरी थांबा.

तुम्ही तीन गोष्टी फार नेमक्या लिहिल्यात, त्यामुळे इथे बसून बरंचसं कळतंय. ४, ६, ३१ स्वच्छ. ७ आणि ९ तुटतात. आणि जेवणाच्या वेळी जास्त. अँटेना कमजोर असता किंवा दूरच्या टॉवरची अडचण असती, तर अशी ठरावीक दोनच चॅनल्स वेगळी पडली नसती.

पडद्यावर जो नंबर दिसतो, तो हल्ली बहुतेक ठिकाणी नुसता नावाचा असतो. १२ जून २००९ ला अमेरिकेतल्या मोठ्या स्टेशनांचं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण बंद झालं, तेव्हा बरीच स्टेशनं यूएचएफवर, म्हणजे वरच्या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यात गेली, पण लोकांच्या सवयीचा जुना नंबर त्यांनी ठेवला. डेन्व्हरचं ४ आणि ६ पडद्यावर ४ आणि ६ म्हणून येतात, हवेतून येतात यूएचएफवर. ७ आणि ९ मात्र खरोखरीच ७ आणि ९ वर आहेत, म्हणजे व्हीएचएफवर, खालच्या फ्रिक्वेन्सीच्या, १७४ ते १९२ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात. तुमची तक्रार दोन स्टेशनांची नाही, ती एका पट्ट्याची आहे.

आता विंगमन. तो यूएचएफची पकड वाढवतो. ४, ६, ३१ तर तुम्हाला आधीच स्वच्छ दिसतात. ७ आणि ९ ला त्याचा काडीचा उपयोग नाही. दूर कुठे आडरानात यूएचएफ कमी पडायला लागलं तर तो चांगला जोड आहे, पण हे दुखणं त्याचं नव्हे.

गोल तबकडी. चॅनल ९ च्या लहरीची लांबी सुमारे १.६ मीटर, म्हणजे तिचा अर्धा भाग ८० सेंटिमीटर. यूएचएफचा अर्धा भाग २५ ते ३२ सेंटिमीटर. अँटेनाला लहरीच्या मापाचा काहीतरी धातू लागतो, ही निसर्गाची अट आहे, खोक्यावर काहीही छापलं तरी ती बदलत नाही. तुमच्या बॅटविंगचे पंख व्हीएचएफसाठीच तेवढे पसरलेले आहेत. छोट्या तबकडीत किंवा वहीएवढ्या चपट्या अँटेनात ७ आणि ९ आणखी दुबळे होतील. शिवाय चहूकडून घेणारा अँटेना चहूकडचा कचराही घेतो. शहराच्या कुशीत उभे असाल तर तो सोयीचा, हे मान्य. पण जिथे सिग्नल जेमतेम आहे तिथे फिरवता येणाराच कामाचा. तुमच्याकडे आहे तो चांगला आहे, काढू नका.

दीडशे मैलांबद्दल. टीव्हीच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात, किंचित वाकतात इतकंच. टॉवर आजूबाजूच्या जमिनीपेक्षा ३०० मीटर उंच असेल आणि तुमचा अँटेना ४ मीटरवर, तर हिशेबाने साधारण ८० किलोमीटर, म्हणजे ५० मैलांवर क्षितिज लागतं. पुढे पृथ्वीची गोलाईच आड येते. डोंगरावरचा टॉवर असेल तर जास्त लांब जातो, मध्ये टेकडी आली तर दहा मैलांवरही काही दिसत नाही. अँटेनाच्या खोक्याला तुमच्यापुढची टेकडी ठाऊक नसते.

मग ७ आणि ९ संध्याकाळी का जातात? जेवायला बसताना तुम्ही काय करता? दिवे लावता. जुन्या मोटरहोममध्ये बहुतेक आधीच्या मालकाने बॅटरी वाचवायला साधे बल्ब काढून एलईडी बसवलेले असतात. स्वस्त एलईडीत १२ व्होल्ट खाली आणायला एक बारीकसं सर्किट असतं. ते सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतं आणि त्याचा गोंगाट नेमका व्हीएचएफमध्ये पसरतो. यूएचएफला त्याचा त्रास फार कमी. भिंतीतला चार्जर-कन्व्हर्टर, इन्व्हर्टर आणि यूएसबीची स्वस्त डोकी हेही त्याच माळेचे मणी.

तपासायचं असं. संध्याकाळी ९ नंबर लावा. टीव्हीच्या मेनूत सिग्नलची पट्टी असते, ती उघडून ठेवा. गाडीतले सगळे दिवे बंद करा, इन्व्हर्टर बंद, फोनचे चार्जर काढा. टीव्ही १२ व्होल्टवर चालणारा असेल तर बाहेरची वीजही काढून फक्त बॅटरीवर चालवा. मग एकेक दिवा लावत पट्टीकडे बघा. गुन्हेगार स्वतःच हात वर करेल. सापडला की तो बल्ब बदला, किंवा त्याच्या तारेवर गोंगाट अडवणारी फेराइटची चिमटी बसवा, नाहीतर बातम्या होईपर्यंत विझवा.

आता दिशा. तुम्ही लिहिलंय की अँटेना शहराकडे फिरवला. डेन्व्हरचे मोठे टॉवर शहरात नाहीत. ते पश्चिमेला गोल्डनजवळच्या लुकआउट माउंटनवर आहेत. चेरी क्रीकहून शहराचा मध्य वायव्येला येतो, पण लुकआउट जवळपास पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे, २०-२२ मैलांवर. शहराकडे तोंड केलंत तर वीसेक अंश चुकतात. जोरदार सिग्नलला ते चालून जातं, गोंगाटात सापडलेल्या सिग्नलला चालत नाही.

पुण्यात तरुणपणी मी घरोघरी अँटेना बसवायचो. सिंहगडावरचं प्रक्षेपण १९७३ ला सुरू झालं होतं, आणि गच्चीवर चढलो की आधी सिंहगड कुठे आहे ते बघायचो. खालून कुणीतरी 'आलं, आलं, आता हलवू नका' म्हणून ओरडायचं. तेव्हा मुंग्यांवरून कळायचं की आपण जवळ आलोय की लांब चाललोय. डिजिटलमध्ये मुंग्या नाहीत. चित्र एकतर आहे, नाहीतर नाही, मध्ये थोडेसे ठोकळे. म्हणून सिग्नलची पट्टी बघत हळूहळू फिरवायचं. थोडं फिरवलं की चार-पाच सेकंद थांबायचं, कारण ट्यूनरला पकडायला वेळ लागतो. घाईने फिरवणारा माणूस नेमक्या जागेवरून पुढे निघून जातो आणि इथे काही येत नाही म्हणतो.

कुठल्या गावाचा टॉवर कुठे, हे रॅबिटइअर्स या संकेतस्थळावर बघा. तुम्ही उभ्या असलेल्या जागेचा पत्ता टाकला की कुठलं स्टेशन कुठल्या दिशेला, किती जोराचं, आणि पडद्यावरच्या नंबरामागे खरा नंबर कोणता, सगळं येतं. फोनचा होकायंत्र वापरताना गाडीपासून दहा पावलं दूर जा, लोखंडाजवळ तो खोटं बोलतो.

केबलकट, तुमचं म्हणणं डेन्व्हरच्या आसपास बरोबर आहे. पण न्यू मेक्सिको आणि युटात तासन्‌तास फोनला रेंज नसते. आणि वादळाच्या वेळी, जेव्हा कॅम्पमधले सगळे एकाच वेळी फोन काढतात, तेव्हा मला टपावरचा अँटेना जास्त भरवशाचा वाटतो. स्थानिक स्टेशनचा हवामानवाला माणूस आपल्या काउंटीचं नाव घेऊन सांगतो की गारा कुठल्या रस्त्यावरून येतायत. ज्यांच्या घरात म्हातारी माणसं आहेत त्यांनी हे फुकट मिळणारं सोडू नये.

कृष्णाकाठ

काका, किती सविस्तर लिहिलंत! जेवणाच्या टेबलावर एलईडी आहेत, आणि बाहेरच्या छपरीला एक लांब पट्टीही लावलेली आहे. येत्या शनिवारी पुन्हा चेरी क्रीकला जातो आणि करून बघते. भिंतीवर टीव्हीच्या मागे एक छोटं बटण आणि हिरवा दिवा आहे. तो चालू ठेवायचा की बंद? नवरा म्हणतो बॅटरी खातो, बंद ठेव.

पेठकर

चालू! हे सांगायचं राहिलं होतं. अँटेनाच्या डोक्यातच अ‍ॅम्प्लिफायर असतो आणि त्याला वीज अँटेनाच्या त्या गोल कोएक्स केबलमधूनच वर जाते. हिरवा दिवा लागला म्हणजे वीज गेली. बटण बंद केलं की टीव्ही अँटेनापासून तुटतो आणि कॅम्पग्राउंडच्या केबलच्या खोबणीला जोडला जातो. अँटेना वर, बटण बंद आणि चॅनल एकही नाही, असे लोक प्रत्येक कॅम्पमध्ये भेटतात. तो बॅटरी खातो ती नावापुरती. यजमानांना सांगा, टीव्ही बंद केला की बटण बंद करा, बघताना नको.

दिवा लागूनही शंका असेल तर अँटेनाच्या टोकाची केबल सोडवून मल्टिमीटर लावा. मधली तार आणि बाहेरचं कडं यांच्यात १२ व्होल्टच्या आसपास डीसी मिळाला पाहिजे. मिळाला नाही तर केबल मध्ये कुठेतरी तुटलीय, किंवा कुणीतरी वाटेत साधा स्प्लिटर घातलाय आणि तो वीज अडवतोय. जुन्या गाड्यांत टपावरच्या कनेक्टरात पाणी जाऊन हिरवं बुरसटलेलं मी पुष्कळ पाहिलंय. तो कापून नवा बसवणं हे स्वस्तातलं आणि सगळ्यात गुणकारी काम.

आणि टीव्हीच्या मेनूत एअर आणि केबल असे दोन पर्याय असतात. स्कॅन करताना एअर निवडलेलं असू द्या.

रानवाटा

मी अल्बुकर्कला असते, आमचीही गाडी तशीच जुनी आहे. कृष्णाकाठ, तुमच्या वाटेवरचं सांगते.

आय-२५ महामार्गाने खाली येताना कोलोरॅडो स्प्रिंग्जला डेन्व्हरचा नाद सोडा. तिथले टॉवर शायेन माउंटनवर आहेत, तिकडे वळवा आणि पुन्हा स्कॅन करा. आमच्याकडे सगळं सँडिया क्रेस्टवर. शिखर १०,६७८ फुटांवर, त्यामुळे गावात कुठूनही टॉवर नुसत्या डोळ्यांनी दिसतात, रात्री लाल दिवे लुकलुकतात. बर्नालिओला नदीकाठी कोरोनाडो कॅम्पग्राउंड आहे, तिथे उतरा. डोंगर समोर, मध्ये काही नाही. आई-बाबांना संध्याकाळी सँडियाचा रंग बदलताना बघायला मिळेल, ते चुकवू नका. तिथून चाको कॅन्यनला जाणार असाल तर तिथे टीव्ही, फोन काहीच नाही, बाबांना आधीच सांगून ठेवा.

आता माझी कळकळ दुसऱ्याच गोष्टीची आहे. निघताना अँटेना खाली! आमच्या शेजारच्या गाडीचा अँटेना कॉटनवुडच्या फांदीत अडकून तळापासून उखडलेला मी डोळ्यांनी बघितलाय. टपाला भोक पडलं आणि त्याच रात्री पाऊस. मी छतातल्या हँडलला लाल फडक्याची पट्टी बांधलीय. अँटेना वर चढवला की ती पट्टी काढून स्टिअरिंगला बांधते, खाली घेतला की परत हँडलला. स्टिअरिंगवर लाल असेल तर गाडी सुरू करायची नाही, हा घरातला नियम आहे, नवऱ्यालाही.

खाली घेण्याआधी छतातल्या चकतीवरचे दोन बाण समोरासमोर आणायचे. नाही आणले तर पंख एसीच्या खोक्यावर किंवा हवेच्या झडपेवर आपटतात. जोराचा वारा सुटला तरी खाली. म्हणजे नेमक्या वादळात टीव्ही नाही. म्हणून बाबांसाठी एक वेदर रेडिओ घ्या. सरकारी हवामान खात्याचं प्रसारण १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्‌झमधल्या सात फ्रिक्वेन्सींवर चोवीस तास चालतं, अँटेना खाली असला तरी गाडीत ऐकू येतं, आणि इशारा आला की रेडिओ स्वतः वाजतो.

कृष्णाकाठ

शनिवारी जाऊन आलो. छपरीच्या पट्टीने ९ खाल्लं होतं! ती विझवली की सिग्नलची पट्टी एकदम वर चढली, लावली की खाली. लेकाने इतक्या वेळा लावून-विझवून दाखवलं की शेजारचे आजोबा बघायला आले. टेबलावरच्या दिव्यांपैकी एकच त्रास देतो, दुसरा नाही, दिसायला अगदी एकसारखे असूनही. अँटेना लुकआउटकडे वळवल्यावर ९ पक्कं बसलं. ७ मात्र अजून मधूनच ठोकळे देतं. काका, आणखी काय बघू? आणि दुकानदार म्हणाला की आता एटीएससी ३ नावाची टीव्ही प्रक्षेपणाची नवी पद्धत आलीय, जुना टीव्ही लवकरच निरुपयोगी होणार. खरं आहे का?

रानवाटाताई, लाल पट्टी आजच शिवली. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली ते काम माझं.

पेठकर

फार छान! एकसारख्या दिसणाऱ्या दोन बल्बांत एक गोंगाट करतो आणि एक करत नाही, हे अगदी नेहमीचं. आतलं सर्किट वेगळं असतं.

७ साठी गाडीची जागा बदला. शेजारी पत्र्याची मोठी गाडी उभी असेल तर तिच्यावर आपटून तोच सिग्नल थोडा उशिरा पुन्हा येतो आणि ट्यूनर गोंधळतो. कधी कधी गाडी एक-दोन मीटर पुढे घेतली की काम होतं. पुढच्या वेळी कॅम्पची जागा निवडताना लुकआउटच्या बाजूला मोकळं आहे का ते बघा. ओल्या पानांची झाडं यूएचएफला जास्त खातात, व्हीएचएफला पत्रा आणि गोंगाट. तरीही ७ ऐकलं नाही तर मग टपावरचा कनेक्टर बघा, मी वर लिहिलंय तसा.

एटीएससी ३ ला सरकारने २०१७ मध्ये परवानगी दिली. तांत्रिकदृष्ट्या ते चांगलं आहे, आपटून येणारे सिग्नल ते जास्त नीट सोसतं, त्यामुळे फिरत्या गाडीला उद्या फायद्याचंच. पण आज डेन्व्हरची चॅनल्स जुन्या पद्धतीनेही चालू आहेत, आणि नव्या पद्धतीत काही स्टेशनांनी सिग्नलला कुलूप घातलंय, आणि ते कुलूप सगळ्याच सेट-टॉप डब्यांना उघडता येत नाही. जूनच्या प्रवासासाठी टीव्ही बदलायचं काहीही कारण नाही.

एक गोष्ट मात्र जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला लागू आहे. २०२० च्या जुलैपर्यंत चॅनल ३६ च्या वरचा सगळा पट्टा टीव्हीकडून काढून घेतला गेला, आणि त्यातला मोठा भाग मोबाइल कंपन्यांकडे गेला. जुना अँटेना तो पट्टाही वर ओढतो. कॅम्पच्या अगदी शेजारी मोबाइलचा टॉवर असेल आणि सगळीच चॅनल्स एकदम बिथरली, तर एक छोटा फिल्टर मिळतो तो लावा. आधीपासून घेऊन ठेवू नका.

युटाचं. सॉल्ट लेकच्या खोऱ्यात मोठे टॉवर फार्न्सवर्थ पीकवर आहेत. इलेक्ट्रॉनिक टीव्हीचा शोध लावणाऱ्या फायलो फार्न्सवर्थचं नाव त्या शिखराला दिलंय, तो युटाचाच. बाबांना दाखवा. दक्षिण युटात दऱ्याखोऱ्यांतल्या गावांसाठी काउंट्यांनी टेकड्यांवर छोटे ट्रान्सलेटर बसवलेत. ते सॉल्ट लेकचाच कार्यक्रम दुसऱ्या नंबरवरून पुन्हा सोडतात, म्हणून गाव बदललं की स्कॅन करायलाच हवं, आधीच्या गावची यादी तिथे उपयोगाची नाही. ट्रान्सलेटरची ताकद कमी असते, तेव्हा गावाच्या जवळची जागा घ्या. खोल कॅन्यनच्या तळाशी उतरलात तर अँटेना वर चढवूही नका.

बाबा आले की सांगा कुठलं चॅनल बघतायत ते. पुढे कुठे अडलं तर त्या कॅम्पचं नाव आणि रॅबिटइअर्सवरची यादी इथे टाका, मी बघतो.